दाराची फट

रोज दुपारी दाराकडे पाठ करून, समोरच्या आरशात बघत मी टॅबलेटवर स्वतःचं चित्र काढते आणि ताईंना पाठवते. ताई म्हणजे माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. चुकलं तिथे लाल रेघ मारून परत पाठवतात. त्यांची एक कायमची तक्रार: मी चित्र मोठं करून एकच कोपरा घोटत बसते, अख्खं चित्र बघतच नाही.

सोमवारी लाल रेघ माझ्यामागच्या दारावर होती. "दार किलकिलं कसं गं?"

"बंदच असतं, ताई. हात चुकला."

"मग बघून काढ. मनाचं काढू नकोस."

मंगळवारी फट चार बोटं झाली. बुधवारी हातभर. आणि मी बंद दार बघूनच काढत होते, शपथ!

आज मी कडी लावली, दोनदा ओढून पाहिली. चित्रातलं दार मोठं करून रेघ न् रेघ तपासली. फट नव्हती. जीव भांड्यात पडला. तसंच पाठवून दिलं.

लगेच ताईंचा मेसेज आला. "शाब्बास! आज दार अगदी घट्ट लागलंय. फक्त तुझ्यामागे उभ्या असलेल्या बाईचा हात खांद्यावर नुसता तरंगतोय, त्याचं वजन जाणवत नाही. आरशात नीट बघ आणि पुन्हा काढ."