कोऱ्या वाळूवर फोकस

"हाही नको," हज करून आलेली म्हातारी हाजा बहीजा म्हणाली.

वगदीनं तिसरा कॅमेरा डब्यात परत ठेवला. वाळवंटातल्या अख्ख्या खार्गा शहरात कॅमेऱ्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आज त्याचा कस लागत होता.

"यात काय वाईट आहे, हाजा?"

"तूच म्हणालास ना, दर फोटोला आतली पडदी उघडते नि मिटते. म्हणजे झिजणार. मला माझ्यामागंही चालणारा हवाय."

वगदीनं वरच्या फळीवरचा खोका काढला. "मग हा घ्या. आत हलणारं काही नाही. लोखंडी पेटीत बसवतो, धुळीचा कण शिरणार नाही. वर सावलीला पत्रा, बाजूला सोलरची पाटी. दुपारच्या अजानला रोज एक फोटो. वाळूनं काच खरवडलीच, तर बाहेरची बदलायची. आतली सुखरूप."

बहीजानं गळ्यातली लाकडी किल्ली पेटीवर टकटक वाजवून बघितली. वीतभर लांब, दाते असलेली जुन्या घरांची किल्ली. हल्ली पर्यटक असल्या किल्ल्या हौसेनं घालतात.

शेजारचा न्हावी शाकिर चहा पीत बसला होता. "हाजा, वाळूचे कसले फोटो काढता? गाव बुडतंय ते टीव्हीवाल्यांना दाखवायचंय काय?"

"तू दाढ्या कर, शाकिर. इमामसाहेबांची परवा एकीकडून राहिली होती, ती आधी बघ."

वगदी हसला, पण त्याला आतून गलबलून आलं. वाळूची टेकडी पुढं सरकते नि वाटेतलं सगळं गिळते, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक होतं.

"अल्ला तुम्हाला धीर देवो, हाजा."

"दिलाय. भरपूर दिलाय." तिची मान ताठ होती. "मौलिदच्या रात्री माझा बाप गच्चीवरून नबींची स्तुती गायला लागला, की विहिरीवरच्या बायका घागरी खाली ठेवून ऐकायच्या. त्या घराचे फोटो निघायचेत, पोरा. ऐरागैरा कॅमेरा चालायचा नाही."

वगदीनं खोका बांधायला घेतला. असलं घर जाणार, नि म्हातारी ते रोज डोळ्यांनी बघणार. कॅमेरा आपणच जाऊन बसवायचा, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या वस्तीवर पोचला. पांढरं घर, निळं दार, दारात खजुराचं झाड. त्यानं घरापुढं खांब रोवला, पेटी चढवली नि तिचं तोंड उत्तरेला केलं.

"दक्षिणेला फिरव," बहीजा म्हणाली.

"हाजा, वारा उत्तरेचा. वाळू तिकडून येते. येतानाच धरायला नको का तिला?"

"फिरव."

दक्षिणेला नुसती टेकडीची पाठ होती. घर नाही, झाड नाही. वगदीनं पेटी फिरवली. म्हाताऱ्या माणसांशी कोण हुज्जत घालणार?

"आता फोकस," तो म्हणाला. "आपोआपवर सोडला, तर कोऱ्या वाळूत त्याला धरायला काही सापडायचं नाही. रोजचा फोटो धूसर येईल. एकदाच पक्का करून टाकू. दारावर करू?"

"दारावरच कर."

असं म्हणून ती निळ्या दाराकडं पाठ करून चालू लागली. टेकडीच्या उतारावर चढली नि मोकळ्या वाळूत एका जागी उभी राहिली. पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहावी, तशी.

"इथं."

म्हातारीचं भान सुटलं की काय, असं वगदीला वाटलं. तरी तिचं मन मोडायला नको म्हणून तो खुणेची खुंटी नि हातोडा घेऊन वर गेला. पहिल्या दोन घावांत खुंटी सरसर आत गेली. तिसऱ्याला खाली टक् झालं.

"दगड लागला, हाजा. जरा सरका."

बहीजा सरकली नाही. गळ्यातली किल्ली काढून तिनं हातात घेतली होती.

"वाळू यायची ती मी परकरात होते तेव्हाच येऊन बसली, पोरा. आता ती पुढं निघालीय." तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. "हळू ठोक. माझ्या बापाची गच्ची आहे ती."