मागच्या सीटवरचा सल्ला

चिंगी मांजरीनं दोन दिवस दुधाला तोंड लावलं नव्हतं. शालनचा जीव कासावीस झाला. "मोठ्या दवाखान्यात नेऊ या की तिला."

तिच्या नवऱ्यानं, रिक्षावाल्या हंकारेंनी, मांजरीला पिशवीत घातलं. "तिथं आधी चार तपासण्या, मग जनावराला हात. आपण स्टेशनमागच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. परवा त्यांच्याकडनं एक आजी माझ्या रिक्षात बसली, रडत. कुत्रा गेला तिचा."

"अहो, आणि तिथंच न्यायचं?"

"आजी म्हणाली, बाईंनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, उगाच खर्चात पाडलं नाही. कुत्रा जाईस्तोवर त्याच्यापाशी बसून होत्या."

शालन वाटभर धुसफुसत राहिली. डॉक्टरीणबाईंनी लाडीगोडी लावत चिंगीचा जबडा उघडला आणि दाढेत रुतलेला माशाचा काटा चिमट्यानं अलगद उपसला. वर चिंगीनं त्यांनाच बोचकारलं.

"सुई, सलाईन, काही?" शालननं धास्तावून विचारलं.

"कशाला? चार दिवस मऊ भात द्या," बाई हसल्या.

बाहेर आल्यावर शालननं पदराची गाठ सोडली. खर्चाला मोडाव्या लागतील म्हणून आणलेल्या सोन्याच्या कुड्या तिनं रिक्षाच्या आरशात बघून परत कानात घातल्या.