पेटीतला दिवा

तिसरा डबा जोडला की गाडी मरायची. इंजिन जागच्या जागी थबकायचं आणि शेजारच्या लाकडी पेटीतला दिवा लख्ख पेटायचा. चंदरने डबा काढला. दिवा मंद झाला, इंजिन गुरगुरलं आणि दोन डबे ओढत पटऱ्यांवरून गोल फिरू लागलं. पटऱ्या जमिनीवरच मांडल्या होत्या. जमीन सकाळीच सारवलेली, अजून पुरती सुकली नव्हती.

"खोड ह्या डब्यात हाय तात्या."

कोंडाजीने मान पुढे काढली. माथेरानच्या एका हॉटेलात त्याची हयात गेली होती. साहेबांच्या पोरांसाठी तिथल्या दिवाणखान्यात फिरणारी ही विलायती गाडी हॉटेल मोडलं तेव्हा भंगारात निघाली, ती त्याने डोक्यावरून डोंगराखाली आणली. पण गावात वीज कुठे होती? आता वीज आली, तर डोळे जायला निघाले होते. एक गेलाच होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. एकदा ही पळताना बघितली की मग डोळा गेला तरी चालेल, असं तो येईल त्याला सांगत होता. संध्याकाळी सगळ्या आळीला बोलावणं होतं.

चंदर कर्जतच्या बाजारात रेडिओ, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करी. ही गाडी त्याला पहिल्यापासून आवडली नव्हती. घरातली वीज मधल्या त्या एका दिव्यातून सरळ पटरीत सोडलेली. असलं खेळणं पोरांपुढे मांडणारे साहेब त्याला वेडेच वाटले. नको म्हणावं असं दोनदा मनात आलं, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून त्याची जीभ रेटली नाही.

त्याने डबा उताणा केला. पोटाखालची पितळी पट्टी वाकून चाकाच्या आसाला टेकली होती. पक्कडीने ती सरळ केली आणि मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवला. तेवढ्या वेळात कोंडाजीची बसल्या बसल्या एक डुलकीही झाली. ती त्याची जुनी सवय होती.

डबा जोडून बटन दाबलं. या खेपेला गाडी थांबली नाही. डब्याच्या चिमुकल्या खिडक्यांत उजेड पडला.

"खिडक्या पेटल्या का रं?"

"पेटल्या तात्या."

म्हातारा तोंडावर हात ठेवून हसला. पण वळणावर इंजिन अडखळत होतं, पटऱ्यांना गंज धरला होता. चंदरने डबे उतरवले आणि इंजिन उलट्या हाताने उडवून बाजूला केलं, तशी पेटीतला दिवा विझला. कोंडाजीचा हात लगेच पटरीकडे गेला. चंदरने तो मनगटात धरला.

"हात नका लावू."

"दिवा इझलाय की."

"म्हनूनच सांगतो. इंजिन पटरीवर आसंल तरच हा दिवा पेटतो. उचललं की दिवा इझतो, पन पटरीत वीज तशीच ऱ्हाती. भितीवरचं बटन बंद केल्याबिगर हात लावायचा नाय."

कोंडाजीने मान डोलावली. त्याची बायको इंदूबाई पाठमोरी चुलीशी बसली होती. तिलाही सांगावं, हे चंदरच्या ध्यानात आलं नाही. घरात बल्ब एकच. तोच काढून त्याने पेटीत बसवला होता आणि वरच्या रिकाम्या होल्डरमध्ये पेटीची वायर खोचली होती.

तेवढ्यात देवळामागची पिठाची गिरणी बंद पडली. गावातली बत्ती गेली. चंदरने भिंतीवरचं बटन स्वतःच्या हाताने बंद केलं.

"बरं झालं. तवर पटऱ्या घासून घेऊ," कोंडाजी म्हणाला. हॉटेलातली पितळेची भांडी त्याने जन्मभर चिंचेने घासली होती. चिंचेच्या कोळात फडकं बुडवून तो पटऱ्यांवर ओणवा बसला आणि चंदर शिंप्याकडे मशीनचं तेल आणायला गेला.

शिंप्याचं दुकान गिरणीसमोरच होतं. दळणाचे डबे घेऊन बाया ताटकळत होत्या. शिंप्याने तेलाची कुपी शोधून दिली, चहा पाजला, गाडी खरंच पळते का ते विचारलं. चहा संपता संपता गिरणीचा पट्टा फडफडला, बाया लगबगीने उठल्या. बत्ती आली होती. चंदर सावकाश निघाला. घाई करायचं काही कारण नव्हतं. तेल सोडलं की गाडी वळणावरही अडखळणार नाही, म्हातारा आज खूश होईल, या विचाराने त्यालाही बरं वाटत होतं.

इंदूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"बत्ती आली काकी," तो अंगणातूनच म्हणाला.

"गिरनीला आली आसंल. आपल्याकडं कुठं आली?" तिने सुपातून मान वर न करता पेटीकडे बोट केलं. "आली की कळावं म्हनून म्या कवाचं बटन दाबून ठेवलंय. दिवा बघ की, इझलेलाच हाय."

कुपी चंदरच्या हातातून निसटली.

"हळू रं," ती म्हणाली. "घासता घासता डोळा लागलाय त्यांचा. तसंच पटरीवर हात टाकून निजलेत."