सहावा फोन

शास्त्रज्ञबाईंना फक्त एक पत्र हवं होतं. तुमच्या संशोधनाचा आम्हाला असा असा उपयोग झाला, खाली सही, शिक्का. विभागप्रमुखपदाच्या अर्जाला ते जोडायचं होतं. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूमचे साहेब पत्र टाइप करायला सांगून जेवायला गेले, म्हणून बाई रिकाम्या बसल्या आणि समोरचे आकडे चाळू लागल्या. हुशार माणसाला रिकामं बसवू नये.

कुठल्या चौकात कुठली गाडी उभी राहील, हे इथे त्यांच्या पद्धतीने ठरत असे. संगणक हजार मांडण्या करून बघतो, चांगल्या जगवतो, वाईट मारून टाकतो, जगलेल्यांपासून पुढची पिढी काढतो. बाराशे लोकांनी आपल्या लेखांत या पद्धतीचा दाखला दिला होता.

"मावशी, ही खाणीमागची वस्ती. चौदा महिने झाले, दर महिन्याला मोजून सहा फोन. माणसं अशी हिशेबाने आजारी पडत नाहीत."

फोन घेणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिने कानावरचा हेडफोन काढला आणि उठून दार लोटलं.

"ते मी करते," ती म्हणाली. "माझ्या मोबाइलवरून. मीच लावायचा, मीच उचलायचा, मग रद्द करायचा. रद्द झालेलाही मोजला जातो. एखादा खरा आला, तर माझा एक कमी."

"का पण?"

"तिथली गाडी एकदा मशीनने काढून घेतली. पुढे तापाची साथ आली, महिन्यात आठ फोन झाले, तर एक तारखेला गाडी आपोआप परत. नंतरच्या महिन्यात पाच झाले, गेली. सहा झाले, राहिली. मी काही शिकलेली नाही मॅडम, पण सहापर्यंत मोजता येतं."

सहा हा आकडा शास्त्रज्ञबाईंचाच होता. प्रबंधाच्या वेळी संगणक जुनाट, हिशेब पुरा होईना. म्हणून सहापेक्षा कमी फोन येणारी ठिकाणं त्यांनी तूर्तास वगळली होती आणि त्या ओळीशेजारी लिहून ठेवलं होतं: नंतर बघू. मग पदवी मिळाली, लग्न झालं, नोकरी लागली. बाराशे जणांनी पद्धत उचलली ती त्या ओळीसकट. कोणीच नंतर बघितलं नव्हतं, त्यांनी तर नाहीच.

"बदलता येईल ना ते?" मावशीने विचारलं.

"येईल. कंपनीला पत्र, मग समिती, मग चाचणी. सहा-आठ महिने तरी."

"म्हणजे कागदी घोडे. आणि पत्रात कारण लिहाल तेव्हा माझे फोनही लिहावे लागतील."

बाईंना तसं लिहावंच लागलं असतं. आणि स्वतःची ती ओळही.

मावशीने खणातून एक वही काढली. "खोटं बोलायचं तर निदान नावं तरी खरी असावीत. गाडी नव्हती तेव्हा तिकडचे जे दगावले, त्यांची घालते. त्यांचे फोन मीच घेतले होते. गाडी निघालीय, निघालीय, म्हणत मी बसले होते." तिने पान उघडून समोर ठेवलं. सुताराची आई. शाळेतल्या बाई. पाणी सोडणारा. बँडवाला काका आणि त्याची बायको. पाच नावांपुढे या महिन्याची खूण होती. सहाव्यापुढे नव्हती.

"हे राहिलंय?"

"ते माझ्याच्याने होत नाही. दर महिन्याला शेवटच्या दिवसावर ढकलते." मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज तीस. संध्याकाळी सहाला मशीन महिन्याचा हिशेब बंद करतं."

बाहेर शिपायाच्या चपला वाजल्या. त्याने दार ढकलून पत्र टेबलावर ठेवलं. शिक्का अजून ओला होता. आपल्या अमूल्य संशोधनामुळे असंख्य प्राण वाचले, असं पत्रात लिहिलं होतं. मावशीने ते उलटं होतं तसंच वाचलं.

"खोटं नाहीये ते," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात खाणीमागची एक बाळंतीण वेळेत पोचली."

शास्त्रज्ञबाईंनी पत्र पर्समध्ये ठेवलं नाही. त्यांनी मोबाइल काढला आणि नंबर लावला. दोन हातांवर टेबलावरचा फोन वाजला. मावशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हेडफोन चढवला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बोला, रुग्णवाहिका सेवा. कुठून बोलताय?"

"खाणीमागच्या वस्तीतून."

भिंतीवरच्या नकाशावर एक दिवा लागला.

"पेशंटचं नाव?"

बाईंनी वहीतून वाचलं. "छकुली."

"वय?"

"चार."

"काय होतंय?"

हे वहीत नव्हतं. मावशीनेच थोडं थांबून टाइप केलं. तिला पाठ होतं.

"पेशंटशी तुमचं नातं काय?"

हा रकाना भरल्याशिवाय फोन नोंदला जात नसे. शास्त्रज्ञबाई मोबाइल कानाशी धरून बसून राहिल्या. मावशीची बोटं कीबोर्डवर थांबली होती, आणि नकाशावरचा दिवा लुकलुकत होता.