पाणसळ

नवरा गेल्यावर वर्षभराने तिने त्याच्या मोठ्या गाडीची मागची सीट काढली आणि आत झोपण्यापुरती फळी बसवायला सुतार बोलावला. तळ्याकाठी मुक्कामाला जायचं दोघांचं ठरलं होतं. आता ती एकटीच जाणार होती.

"ताई, एकटीला एवढी ऐसपैस फळी?"

"मापं त्यानेच काढून ठेवलीत," ती म्हणाली.

फळी बसली. सुताराने फळीवर पातळी बघायची पाणसळ आडवी ठेवली, तर बुडबुडा मध्यावर थांबेना. उजवीकडे, ती निजायची त्या बाजूला, तो चढून बसला. म्हणजे डावी बाजू, नवऱ्याची, दबलेली होती.

"जमीन सपाट, टायरांत हवा सारखी. आता गाडीच रुसली तर मी काय करू?" सुतार हसला. "उद्या पाचर मारून देतो."

पाणसळ फळीवरच ठेवून सुतार गेल्यावर तिने गाडी फिरवून उलट्या तोंडाने लावली. दोष जमिनीचा असता तर आता उजवी बाजू दबली असती. दबलेली डावीच होती.

मग ती आत चढली आणि उजव्या कडेला अलगद आडवी झाली. बुडबुडा मध्यावर आला.

झोपेत नवरा नेहमी तिच्याकडे सरकायचा. "अरे, पडेन ना मी!" म्हणत ती त्याला कोपराने ढकलायची. गेलं वर्षभर ती आपणहून पलंगाच्या कडेलाच निजत होती.

तिने कोपर अंगाशी घट्ट धरलं आणि श्वास रोखला.

फळीची डावी बाजू हळूहळू हलकी होत गेली, तिच्याकडची दबत गेली, आणि बुडबुडा डावीकडे सरकू लागला.