वाढत्या अंगाचं

खाली दुकान, वर घर, मध्ये अकरा पायऱ्या. शिवणकामात जन्म घालवलेल्या मास्तरांना आणखी काय हवं होतं? भाड्याचा गाळा महिनाअखेर सोडायचा होता, आणि या इमारतीत दलाल एकही खोट सांगत नव्हता. मास्तरांना नेमका त्याचाच संशय आला. बायको स्वयंपाकघर बघायला वर गेली, तसे ते खाली भिंती ठोकत फिरू लागले.

जिन्याच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येकीपुढे तारीख.

"आधीच्या मालकांची पोरं," दलाल म्हणाला. "भराभर वाढली हो. घर पुरेना."

मास्तरांनी चष्मा लावला. सगळ्यात जुनी तारीख सगळ्यात वर होती, त्यांच्या कपाळाच्या उंचीवर. सगळ्यात ताजी गुडघ्याशी. आणि प्रत्येक रेघेपुढे एकच शब्द होता: बाबा.

"लिहिणाऱ्याने गोंधळ घातला असेल," दलाल म्हणाला.

"असेल. पण खाली येता येता पोराचं अक्षर सुधारत गेलंय."

दलालाने घड्याळ पाहिलं. "वहिनींना बोलवा आता. वर जाऊन बराच वेळ झाला."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बायको खुशीत होती. वर ऊन छान येतं म्हणाली.

सकाळी मास्तरांनी स्वतः तिला घालून पाहिलेला नवा कोट मनगटाशी नेमका संपत होता. आता बाहीतून तिची बोटंही दिसत नव्हती.

"अहो," ती बाह्या दुमडत म्हणाली, "हा काय वाढत्या अंगाचा शिवलात?"