सुनेच्या नावाने

तिसऱ्या पायरीवर कलावतीबाईंचा पाय अडला, तेव्हा रसिकाने मुद्दाम प्राचीचं नाव काढलं.

"तुमच्या सूनबाई म्हणत होत्या, आईंना आता जिना जमायचा नाही."

कलावतीबाईंनी कठडा घट्ट धरला आणि उरलेल्या पायऱ्या एका दमात चढून गेल्या. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाल्या, "सांग तिला."

ठाण्यातल्या या शुश्रूषा केंद्रात खुब्याचं हाड मोडून आलेली म्हातारी माणसं बहुतेक खाटेवरच मुक्काम ठोकत. त्यांना उठवायचं, चालवायचं आणि पुन्हा आपापल्या घरी नेऊन सोडायचं, हे रसिकाचं काम. कुणी नातवाच्या ओढीने चालायला लागायचं, कुणी आपल्या देवघराच्या. कलावतीबाई सुनेची जिरवायला चालत होत्या. औषध म्हणून ते काही वाईट नव्हतं. गोळ्यांपेक्षा लवकर लागू पडत होतं.

त्यांची हकीकत सगळ्या केंद्राला पाठ होती. प्राचीने बाथरूममध्ये साबणाचं पाणी तसंच ठेवलं, बाई त्यावरून घसरल्या. मग तिनेच त्यांना इथे आणून टाकलं. वर कहर म्हणजे, संदेशला आईला भेटू द्यायचं नाही असं केंद्राच्या ऑफिसात बजावून ठेवलं. पोटचा पोरगा बिचारा एकदा फाटकापर्यंत येऊन परत गेला. प्राची स्वतः मात्र दर रविवारी डबा घेऊन हजर. बाई तो डबा उघडतही नसत, तसाच आयांना देऊन टाकत. कुळथाचं पिठलं झकास असतं असं आया एकमेकींत बोलत, पण बाईंसमोर नाही.

"घर माझ्या नावावर आहे," कलावतीबाई रसिकाला सांगायच्या. "ती पिशवी उचलून बाहेर पडलेली मला या डोळ्यांनी बघायचीय. मग मेले तरी चालेल."

रसिकाला हा राग मनापासून पटायचा. असल्या सुना तिने ढिगाने बघितल्या होत्या. एकीची तरी खोड मोडलेली बघावी, असं तिलाही वाटू लागलं होतं.

माणूस घरी सोडण्याआधी घर बघून यायचं, असा तिच्या कामाचा शिरस्ता होता. बाईंचं घर डोंबिवलीत, कोपरला, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती. रसिका मिस्त्रीला घेऊनच गेली आणि आधी बाथरूममध्ये शिरली. कमोडशेजारी आधाराचे दांडे, खाली खरखरीत मॅट, दिव्याचं बटण हाताशी. आजी दुसऱ्यांदा पडल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत, हे तिने प्राचीला ठणकावून सांगितलं.

प्राची दाराशी उभी राहून बघत होती. "बाथरूममध्ये दांडे लावून काय होणार?" ती म्हणाली.

रसिकाच्या मस्तकात तिडीक गेली. सासूसाठी भिंतीला चार भोकं पाडायलाही हिची ना होती.

"त्यांना तिथेच राहू द्या ना, ताई," प्राची हळूच म्हणाली. "मी रोज येत जाईन."

"घर त्यांचं आहे, वहिनी. त्यांना यायचंय."

प्राची आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात आतल्या खोलीत संदेश खाकरला, तशी ती स्वयंपाकघरात निघून गेली.

संदेश मात्र लाघवी निघाला. त्याने रसिकाला बसवून घेतलं, चहा घ्यायला लावला, आईच्या आठवणीने त्याचे डोळेही भरून आले. प्राची घरात असेपर्यंत आजी पाऊल ठेवणार नाहीत, हे रसिकाने त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यावर तो हसला. "आई येऊ दे हो. हिचं मी बघतो." बायकोपुढे ताठ उभा राहणारा एक तरी मुलगा भेटला, म्हणून रसिकाला बरं वाटलं.

प्राचीने तमाशा केला नाही. आई येतील त्याच दिवशी कल्याणला बहिणीकडे जाते, एवढंच तिने कळवलं. निरोप ऐकून कलावतीबाईंनी त्या संध्याकाळी काठी न घेता आख्खा व्हरांडा पार केला आणि आणखी एक चपाती मागून घेतली.

घरी जायच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसल्या. दोन्ही मजले कुठेही न टेकता चढल्या. शेजारणी दारात येऊन बघत होत्या, आणि त्यांनी बघावं हीच बाईंची इच्छा होती.

दारात प्राची भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दुखण्यातून उठून माणूस घरी येतं, ओवाळून टाकायला नको का? पण बाईंनी काठीनेच तिचा हात बाजूला सारला.

"तुझ्या हातचं काही नको. चालती हो."

प्राचीने भाकरतुकडा खाली ठेवला आणि पिशवी उचलली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून बाईंचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आली होती. संदेश पुढे आला, त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाई जागच्या जागी थबकल्या. थकल्या असतील, रसिकाला वाटलं. त्याने त्यांना आत नेलं, रसिकाचे पुन्हापुन्हा आभार मानले आणि दार लोटलं.

रसिका प्राचीच्या मागोमाग जिना उतरू लागली. गप्प बसणं तिला जमलं नाही. म्हाताऱ्या माणसाशी असं वागलं की एक दिवस अशीच पिशवी उचलावी लागते, हे तिने ऐकवलंच.

पहिल्या मजल्यावर प्राची एकदम पायरीवर बसली. वर दाराला आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

"आई घसरल्या नव्हत्या, ताई," ती म्हणाली. "संदेशने ढकललं त्यांना. त्याचं नाव कुणापाशी काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातलीय आईंनीच मला."